आधी पाणी, मग औषध

कुत्र्याला लागलं की आपला हात आधी जखमेकडे धावतो. तो आवरायचा, पोरी. तू पिल्लू आणलंस. आता ते घरभर उधळणार, जिन्यावरून घसरणार, पत्र्याला अंग घासणार, शेरीतल्या मोठ्या कुत्र्यांच्या वाटेला जाणार. लागल्याखुपल्याशिवाय ते मोठं व्हायचं नाही. म्हणून मला जे ठाऊक आहे ते आत्ताच सांगून ठेवते. यातलं निम्मं तुझ्या पणजोबांचं. ते संस्थानच्या पागेत घोड्यांच्या देखभालीला होते. उरलेलं मी जनावरांच्या डॉक्टरांना वेळोवेळी विचारून पक्कं केलेलं आहे. पणजोबांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं, आधी पाणी, मग औषध. जखम चिघळते ती आत राहिलेल्या घाणीमुळे, आणि घाण काढायचं काम पाणीच करतं. पुढचं सगळं मी सांगते ते याच एका गोष्टीभोवती आहे.

पण पाण्याच्याही आधी मुसकं. जीव लावलेलं, मांडीवर झोपणारं कुत्रंसुद्धा दुखऱ्या जागी हात लागला की चावतं. त्यात त्याचा राग नसतो, ती वेदनेची उसळी असते. सुती ओढणी किंवा रुंद पट्टी घे, चांगली लांब हवी. नाकाडावरून सैल फास टाक, गाठ वर आण, मग टोकं हनुवटीखाली एकमेकांवरून नेऊन कानांमागे बांध. श्वास घेता येईल, जबडा उघडता येणार नाही, इतपतच घट्ट. तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा ओकारी येत असेल, तर मुसकं बांधायचं नाही, बांधलेलं असेल तर लगेच सोडायचं. पग वगैरे चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर ते कधीच नाही. कुणीतरी डोक्याशी बसून मऊ आवाजात बोलत राहावं, आणि ते माणूस त्याच्या रोजच्या ओळखीचं हवं. घरात पाचजणांनी घोळका केला की कुत्रं जास्त बिथरतं.

रक्त येत असेल तर धुण्याआधी ते थांबव. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेव आणि तळव्याने दाबून धर, पाच ते दहा मिनिटं. घड्याळ लावून. थांबलं का हे बघायला मधेमधे कापड उचललंस की नुकती धरलेली गुठळी निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेव, खालचं काढू नकोस. जखमेवर थेट कापूस कधी नाही, त्याचे तंतू मांसाला चिकटतात आणि पुढे काढताना कुत्र्याचे हाल होतात. दहा मिनिटं नीट दाबूनही रक्त वाहतच असेल किंवा उडी मारत बाहेर येत असेल, तर घरचं काम संपलं. तसंच दाबून धरून दवाखाना गाठायचा.

आता धुणं. यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात आणि इथेच सगळं असतं. केस जखमेत शिरलेले असतात, ते आधी काढायला हवेत. जखमेवर ओल्या गॉझचा तुकडा ठेव, कात्रीची पाती पाण्यात बुडवून घे म्हणजे कापलेले केस पात्याला चिकटतात, आत पडत नाहीत. गोल टोकाची कात्री हवी. चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी झाली की जखम खरी किती आहे ते कळतं. देशी कुत्र्यांचे केस बारीक, तिथे हे काम पटकन होतं. लॅब्रेडॉर किंवा पॉमेरेनियनच्या लोकरीखाली मात्र बाहेरून नखाएवढी दिसणारी जखम आत दोन बोटं लांब निघू शकते.

पाणी घरीच तयार होतं. एक लिटर पाणी खळखळून उकळायचं, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे, आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवायचं. मिठाचा हात सैल सोडू नकोस, जास्त झालं की झोंबतं आणि नवीन येणाऱ्या मांसालाही ते बरं नाही. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची बाटली स्वस्तात मिळते. ती घरात ठेवलीस तर रात्रीबेरात्री उकळत बसायला नको. सुई काढलेली 20 मिलीची सिरिंज घ्यायची, तिने पाण्याची धार जखमेवर सोडायची. धार अशी की माती सुटावी, पण मांस दुखू नये. एक सिरिंज मारून भागत नाही. छोट्या जखमेलाही अर्धा लिटर पाणी जाऊ दे. आधी तांबूस आणि गढूळ पाणी येईल, मग नुसतं तांबूस, मग स्वच्छ. स्वच्छ आल्यावर आणखी दोन सिरिंज. पणजोबा घोड्याच्या खुराशी याच पाण्याचा तांब्या घेऊन बसत, आणि माझ्या आईच्या आठवणीत तासभर गेला तरी त्यांची घाई होत नसे.

त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन. बाटलीतलं तसंच ओतायचं नाही. वाटीभर उकळून निववलेल्या पाण्यात थेंब थेंब टाकत जा आणि पातळ कोऱ्या चहाचा रंग आला की थांब. त्या पाण्याने जखम एकदा भिजवायची, स्वच्छ गॉझने टिपायची. पुसायचं नाही, टिपायचं. वर मलम लावायचं तर अगदी पातळ थर. पुष्कळ छोट्या जखमांना तेही लागत नाही.

काय लावू नये ते मी जास्त ठासून सांगते, कारण आपल्या घरांमधून हात आधी तिकडेच जातो. डेटॉल नको. आपण माणसं ते सर्रास वापरतो, पण त्यातला फिनॉलच्या जातीचा पदार्थ कुत्र्याच्या उघड्या मांसाला भाजतो आणि चाटल्यावर पोटात जातो. घरात मांजर असेल तर डेटॉल तिच्या जवळपासही नको. सेव्हलॉनही नको, चाटलं तर जीभ आणि तोंड पोळू शकतं. स्पिरिट नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आला की लोकांना समाधान वाटतं, पण तो फेस जखम भरून आणणाऱ्या पेशीही मारतो. हळद आपल्या मनात घर करून बसलेली आहे, आणि तिच्यात गुण आहे हे मला मान्य आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती उघड्या जखमेत कोंबली की पिवळी कडक पापडी होते, वरून जखम वाळली असं वाटतं आणि खाली पू साठत जातो. शिवाय त्या रंगाखाली लाली वाढते आहे की कमी होते आहे ते दिसत नाही. चुना, तंबाखू, कॉफीची पूड, राख यांपैकी काही नको. माणसासाठी आणलेली स्टेरॉइडची मलमंही नकोत, त्यांनी खाज थांबते आणि जखम भरणंही थांबतं. टी ट्री तेलाची हल्ली फार चाल आहे, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं.

जखमेला चाटू द्यायचं का, हे तू विचारशीलच. जुन्या माणसांचा समज आहे की कुत्र्याच्या जिभेत औषध असतं. लाळेत जंतूंना थोडं रोखणारे घटक असतात हे खरं, पण त्याच तोंडात इतर जंतूही असतात आणि जीभ खरखरीत. चाटून चाटून धरलेली खपली सुटते, टाके असतील तर तेही निघतात. गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन घेऊन ठेव. पहिल्या दिवशी ते दाराच्या चौकटीला धडकेल, पाणी पिताना अडखळेल, उदास बसेल. भांडं जरा उंचावर ठेव आणि कोन काढू नकोस. दुसऱ्या दिवशी सवय होते. मलम लावलं असेल तर निदान दहा-पंधरा मिनिटं त्याला गुंतवून ठेव, फिरवून आण किंवा शेजारी घेऊन बस.

आपल्या बडोद्यात कुत्र्यांच्या पंजांना सगळ्यात वाईट दिवस उत्तरायणाचे. 14 आणि 15 जानेवारीला गच्चीवर पतंग उडवत सगळं गाव आणि रस्त्यावर, गटाराच्या काठाला, झाडांच्या बुंध्यांशी दोरीचे गुंते. गेंडीगेटच्या बाजाराकडे डिसेंबरापासून गुलाबी-हिरवी दोरी घासणारे बसलेले तू लहानपणापासून पाहतेस. दोरीला लावतात त्या लगदीत काचेची पूड असते, आणि ती धार पतंग कापण्याएवढी असते म्हणजे कातडी कापण्याएवढीही असते. नायलॉनच्या चिनी दोरीवर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी ती दिसते. ती कुजत नाही, तुटतही नाही, त्यामुळे मार्चमध्येसुद्धा कुत्र्याच्या पायाला गुंडाळलेली सापडते. म्हणून जानेवारीभर रोज फिरून आल्यावर चारही पंजे उजेडात बघायचे. बोटं एकेक करून फाकव. दोरी केसांत दडते, बोटाभोवती फास बसतो, वर सूज येते आणि फास आणखी आवळतो. कुत्रं नुसतं लंगडतं किंवा एकच बोट चाटत बसतं, आणि आपल्याला वाटतं काटा लागला. पंजा कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला की केस बाजूला होतात आणि रंगीत रेघ दिसते. ती ओढायची नाही. ओढलीस तर करवतीसारखी आत जाते. बोथट टोकाची बारीक कात्री फासाखाली अलगद सरकवून एका जागी काप, मग दुसऱ्या जागी काप, तुकडे आपोआप सुटतात. फास मांसात रुतलेला असेल, बोट निळसर किंवा गार असेल, तर कात्री घालू नकोस, तसंच डॉक्टरकडे ने. सोडवल्यानंतर भरपूर पाणी, कारण काचेची पूड मागे राहते.

पंजाच्या गादीला छोटी चीर पडली तरी रक्त खूप दिसतं, घाबरू नकोस. गादीत रक्तवाहिन्या दाट असतात. अवघड भाग पुढे असतो, कारण कुत्रं त्याच पायावर चालतं आणि प्रत्येक पावलाला चीर उघडते. धुतल्यावर जखमेवर न चिकटणारं गॉझ, बोटांच्या मधल्या बेचक्यांत कापसाच्या चपट्या पट्ट्या म्हणजे ओल साठत नाही, वर मऊ कापसाची गुंडाळी आणि मग पट्टी. बोटांकडून वर जात बांधायची, वरून खाली नाही. मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत. तासाभराने ती टोकं चाचपून बघ, सुजली किंवा गार पडली असतील तर पट्टी घट्ट झाली आहे, सोडून पुन्हा बांध. वर लहान मुलाचा मोजा घाल. बाहेर नेताना प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि घरात शिरताच काढायची, नाहीतर आत घाम साठून कातडी पांढरी पडते. पट्टी रोज बदलायची, भिजली तर त्याच क्षणी. पट्टीतून वास आला किंवा कुत्रं ती एकसारखं चावायला लागलं तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय.

नख तुटून रक्त आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकाशी दाबून धर, थांबतं. मुळापासून उलटलेलं नख मात्र डॉक्टरनेच काढावं, फार दुखतं ते. कानाच्या टोकाला चीर पडली तर कुत्रं डोकं झटकतं आणि भिंतीभर रक्त उडतं, जखम असते राईएवढी. कानाची पाळी डोक्यावर उलटवून ठेव आणि वरून मऊ पट्टी गुंडाळ, गळ्याशी दोन बोटं जातील इतकी सैल. उन्हाळ्यात इथला पारा 42-43 अंशांवर जातो. दुपारी डांबरी रस्त्यावर हाताचा मागचा भाग ठेवून बघ. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नकोस. गाद्या भाजल्याच तर साध्या गार पाण्याची धार धरायची, बर्फ नाही.

पावसाळ्यात माझा जीव सगळ्यात जास्त धास्तावतो तो माशांमुळे. जखम केवढीही असो, ती ओली आणि उघडी राहिली की माशी अंडी घालते, आणि एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. त्या जिवंत मांसात शिरतात. शेपटीच्या मुळाशी, कानामागे, मानेवर, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथे हे आधी होतं. केसांवर पांढरे बारीक पुंजके दिसले, जखमेला कुजका गोडसर वास आला, किंवा कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागलं, तर त्याच दिवशी दाखव. माशा दूर ठेवायला जनावरांच्या औषधांच्या दुकानात टॉपिक्युअरसारखे फवारे आणि हायमॅक्ससारखी मलमं मिळतात. धुऊन टिपल्यावर ती लावायची, डोळे आणि तोंड सांभाळून. अळ्या पडल्यावर टर्पेंटाइनचा बोळा घालायची रीत गावोगाव आहे. तो अळ्यांबरोबर मांसही जाळतो, आणि कुत्र्याने चाटला तर विष. डॉक्टर गुंगी देऊन एकेक अळी चिमट्याने काढतात, आत आणखी आहेत का बघतात. ते काम आपलं नव्हे.

पुराचं पाणी वेगळंच. 31 जुलै 2019 चा पाऊस आणि 2024 च्या ऑगस्टातला पूर आपण दोन्ही पाहिले. त्या दुसऱ्या वेळी विश्वामित्री नदीने 35 फुटांची रेषाही ओलांडली होती, नि मगरी वस्तीत आल्या होत्या. अशा दिवसांत कुत्रं गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर ठेवायचं, दोरी लावूनच. मगरीची भीती सगळ्यांना कळते. पण त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळलेलं असतं, आणि छोट्या चिरेतूनही लेप्टोस्पायरोसिस शिरतो, हे लोक विसरतात. पाण्यातून आलेलं कुत्रं साबणाने धुवायचं, जखम असेल तर मघाशी सांगितलं तसं, आणि पुढचे काही दिवस ताप, उलटी, पिवळे डोळे यांकडे लक्ष ठेवायचं. वर्षाच्या लशीत लेप्टोची लस असते ना, हे डॉक्टरांना विचारून घे.

दुसऱ्या कुत्र्याने चावलं असेल, तर ती जखम कधीही किरकोळ धरायची नाही. वर दोन छिद्रं दिसतात, आत सुळ्याने कातडी मांसापासून सुटलेली असते आणि त्या पोकळीत घाण बंद होते. वरून छिद्र बुजलं की दोन-तीन दिवसांनी गळू येतं. शिवाय रेबीज. हातमोजे घाल, कारण चावणाऱ्याची लाळ आपल्या कुत्र्याच्या केसांवर असते. नळाची धार आणि साबण, पंधरा मिनिटं. मग त्याच दिवशी दवाखाना. लस वेळेवर दिलेली असली तरी डॉक्टर पुन्हा एक डोस देतात. दिलेली नसेल तर सुयांचा पूर्ण क्रम करावा लागतो, चावलं तो दिवस धरून पुढे 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. एकही चुकवायची नाही. या सगळ्यात तुला दात लागला, अगदी ओरखडा आला, तरी तेच, पंधरा मिनिटं साबण-पाणी, वर हळद-मिरची-चुना काही नाही, आणि सरळ सयाजी हॉस्पिटल. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणसाला किंवा कुत्र्याला कुणी वाचवू शकत नाही. हे तुझ्या कामवाल्या बाईला आणि तिच्या मुलांनाही सांग.

दुखतंय म्हणून आपली गोळी द्यायची नाही. क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, यांतली एकही नाही. कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड ती आपल्यासारखी पचवत नाहीत. पोटात व्रण पडतो, रक्ताची उलटी होते, मूत्रपिंड बंद पडतं. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं तर सगळ्यांनाच ठाऊक असायला हवं. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं एवढी मेली की 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याचं उत्पादन बंद केलं. कुत्र्यासाठी वेदनाशामक वेगळं असतं, आणि ते वजन बघून डॉक्टरच देतात.

घरी करायचं कुठवर, त्याची रेघ अशी. जखमेचे काठ उघडे राहून आतली चरबी किंवा मांस दिसलं, लांबी इंचाच्या वर असली, जखम डोळ्याशी, सांध्यावर, छातीवर किंवा पोटावर असली, आत काही रुतलेलं असलं, तर धुऊन झाकून लगेच निघायचं. टाके घालायचे तर पहिल्या सहा ते आठ तासांत बरे बसतात, म्हणून सकाळी बघू असं म्हणायचं नाही. रुतलेली काच किंवा सळई उपटायची नाही. हिरड्या बोटाने दाबून सोड, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या असतील तर वरून छोटं दिसत असलं तरी आत काहीतरी मोठं आहे. आणि घरी सांभाळत असलेली जखम दिवसातून दोनदा बघ, चांगल्या उजेडात, रोज त्याच जागी. मोबाइलने फोटो काढून ठेव, कालचा आणि आजचा शेजारी धरलेस की डोळ्याला न कळलेलं कळतं. लाली कमी होत जावी, काठ आत यावेत, खाली दाणेदार गुलाबी मांस दिसावं. तिसऱ्या दिवशी लाली पसरली, हात लावला की गरम लागलं, पिवळा-हिरवा पू आला किंवा कुत्र्याने जेवण टाकलं, तर पुढचं घरी करू नकोस. अंगाचा ताप थर्मामीटरने बघ. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं, ते बघून घाबरू नकोस. 103 च्या वर गेलं की फोन कर. साधे डॉक्टर जिथे थांबतात तिथून पुढे, हाडाचं किंवा मोठ्या शस्त्रक्रियेचं काम निघालं, तर आणंदचं व्हेटरनरी कॉलेज 40 किलोमीटरवर आहे.

राहिली शेरीतली कुत्री. तू त्यांनाही भाकरी घालतेस, म्हणून हे. त्यांना मुसकं बांधायला जायचं नाही, कोपऱ्यात कोंडायचं नाही. 1962 ला फोन लावायचा, करुणा ॲम्ब्युलन्स येते, बेवारशी जनावरांसाठी ती मोफत आहे. पत्ता सांगताना जवळची खूण सांग, आणि गाडी येईपर्यंत ते कुत्रं नजरेआड होऊ देऊ नकोस, लांबूनच, हातात बिस्किटाचा पुडा घेऊन उभी राहा. बरीच कुत्री गाडीचा आवाज ऐकून पळतात आणि माणसं रिकाम्या हाताने परत जातात. ओळखीचं, शांत कुत्रं असेल तर ते खात असताना हातभर अंतरावरून माशांचा फवारा मारता येतो, तेवढं कर. आणि उत्तरायण संपलं की 16 तारखेला सकाळी शेरीतल्या पोरांना घेऊन दोरीचे गुंते गोळा कर. कात्रीने वीतभर तुकडे करायचे, जाड पिशवीत भरून तोंड बांधायचं, मग कचऱ्याच्या गाडीत.